खालची घरघर

आमच्या भावोजींनी आयुष्यभर भुतं बनवली. हसू नका, खरं सांगते. सिनेमात अंधाऱ्या जिन्यावर पावलं वाजतात आणि तुम्ही शेजारच्याचा हात घट्ट धरता ना, ती पावलं आमच्या भावोजींची. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पायात बायकांच्या उंच टाचांच्या चपला अडकवून, हा टक्कल पडलेला माणूस खडीच्या ट्रेमध्ये जागच्या जागी चालायचा. पडद्यावर मात्र पांढऱ्या कपड्यांतली बाई चालायची आणि लोकांची बोबडी वळायची.

हाड मोडायचं तर गाजर मोडायचं. सुरा खुपसायचा तर कोबीत. रक्त ठिबकायला ओलं फडकं, वटवाघळं उडायला कातडी हातमोजे. ताई बाजारातून गाजरं आणायची आणि त्यातली निम्मी भुतांच्या वाटेला जायची. "भुतांची नजर तरी चांगली राहील हो तुमच्या," असं मी म्हणायचे, आणि भावोजी गालातल्या गालात हसायचे.

मी ताईची धाकटी बहीण. त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते, कपडे शिवते. माझं तोंड फटकळ आहे असं सगळे म्हणतात. म्हणू देत. पण ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही, यावरून काय ते समजा.

ताई माझ्या अगदी उलट. शांत, हळू बोलणारी. रोज संध्याकाळी सात वाजता ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसून प्रार्थना म्हणायची. अकरा ओळी. आईने शिकवलेल्या, आईला तिच्या आईने. कुठल्या पुस्तकात त्या नाहीत, मी शोधून पाहिलंय. आई शिकवायला बसली की मी खेळायला पळून जायचे, म्हणून मला पहिल्या दोनच ओळी येतात. ताईला सगळ्या यायच्या. तिच्या पुढच्या दाताचा कोपरा तुटलेला होता. तो माझाच प्रताप, झोपाळ्यावरून मी तिला ढकललं होतं. तेव्हापासून 'स' म्हणताना तिच्या दातांतून बारीक शिट्टी वाजायची. प्रार्थनेत 'स' फार. खाली मशीनवर बसल्या बसल्या मला ती शिट्टी ऐकू यायची, आणि खरं सांगू, मी देवाला फारसं विचारत नसले तरी तेवढ्यानं मला बरं वाटायचं.

भावोजींचा देवावर विश्वास नव्हता. भांडणही नव्हतं. "मी आवाज कसे तयार होतात ते पाहिलंय, मेहुणीबाई," ते म्हणायचे. "एकदा ते पाहिलं की माणूस कशालाच फसत नाही." ताई प्रार्थनेला बसायची तेव्हा ते स्टुडिओतच असायचे. घरी यायला त्यांना नऊ वाजायचे, सुट्टीचा दिवस सोडला तर.

एकदा जेवताना मी त्यांना छेडलं. "देव मानत नाही आणि भुताखेतांवर पोट भरता. लाज नाही वाटत?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "भुताच्या सिनेमात सगळ्यात भाविक कोण असतं, सांगा बघू."

"धर्मगुरू. नाहीतर ती म्हातारी, सगळ्यांना आधीच सांगून ठेवणारी."

"चूक. भूत. देवाचं नाव घेतलं की तेच एकटं थरथरतं. बाकी सगळे मनातून म्हणत असतात, खरंच कुणी आहे का वर? धर्मगुरूच्या हातात पुस्तक असतं आणि हात कापत असतो. तो हात कापतो ना, तोच सिनेमा. हात कापला नाही तर सिनेमा पाच मिनिटांत संपेल."

ताईने विचारलं, "मग तुमच्या सिनेमात देव कधी दिसतो?"

"दाखवत नाहीत. भूत दाखवलं तर लोक घाबरतात, देव दाखवला तर हसतात."

"म्हणजे तुम्ही लोकांना घाबरवून देवाकडे पाठवता," ताई म्हणाली. "चांगलं काम आहे की." आणि तिने त्यांच्या पानात आणखी भात वाढला. अशी होती ती. त्यांच्या विश्वास नसण्याचीसुद्धा ती कुठेतरी नीट घडी घालून ठेवायची.

मग तो सिनेमा आला. गोष्ट साधी होती. एका म्हाताऱ्या धर्मगुरूला एका घरातलं भूत काढायला बोलावतात. त्याचा स्वतःचा विश्वास कधीच उडालेला असतो, पण हे तो कुणाला सांगत नाही, नुसती तोंडाने प्रार्थना म्हणतो. भिंतीतल्या त्या भुताला ते कळतं. एका प्रसंगात भिंत त्याची प्रार्थना त्यालाच परत म्हणून दाखवते, उलटी.

त्या भिंतीच्या आवाजावर भावोजींचं घोडं अडलं. त्यांनी बाटलीत फुंकर मारली, बादलीत तोंड घालून गुरगुरले, कुत्र्याचा आवाज हळू करून पाहिला. दिग्दर्शक नुसता मान हलवायचा. "हे सगळं खोटं वाटतं. मला खरी प्रार्थना हवी."

त्याच आठवड्यात स्टुडिओत नवीन टेपरेकॉर्डर आला होता. तपासायला म्हणून भावोजी तो रविवारी घरी घेऊन आले. सात वाजले, ताई खुर्चीत बसली. त्यांनी माइक कपाटावर ठेवला, मशीन चालू केलं आणि आपल्या श्वासाचा आवाज नको म्हणून दार ओढून बाहेर जिन्यात येऊन उभे राहिले. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण मी त्याच वेळी वर चालले होते आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवून मला तिथेच थांबवलं. आम्ही दोघं जिन्यात उभे, आत ताई एकटी. दोन-तीन मिनिटं. मग आम्ही आत गेलो. एवढं लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेप उलटी लावून दिग्दर्शकाला ऐकवली. तो खुर्चीतून उठलाच म्हणे. "हेच! आणि ही खालची घरघर कुठून आणलीस रे? बाईच्या आवाजाच्या मागून येते ती? अंगावर काटा आला." भावोजींना वाटलं मशीनचा दोष असेल. बोलले नाहीत, काम होत होतं. सिनेमात आवाज बसला आणि मंगळवारी त्यांनी त्याच टेपवर घोड्यांच्या टापा भरल्या. तिथली रीतच ती, टेप पुसायची आणि परत वापरायची.

ताईला त्यांनी विचारलं नाही. तिचं मन दुखवायचं म्हणून नव्हे. त्यांच्या मते तो नुसता आवाज होता, गाजरासारखा. शब्द उलटे झाले की शब्दच राहत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आयुष्य आवाजात घालवलेल्या माणसानेच करावी अशी ती चूक.

सिनेमा धो धो चालला. भावोजींचं पहिल्यांदा नाव झालं. ताई त्यांचे सिनेमे कधी बघायची नाही, पण या वेळी ते लहान मुलासारखे हट्टाला पेटले. दुपारच्या खेळाला आम्ही तिघं गेलो. तो प्रसंग आला. म्हातारा गुडघ्यावर बसलेला, समोर ओल धरलेली भिंत, आणि भिंतीतून आवाज. आतल्या आत ओढून घेतल्यासारखे शब्द, आणि त्याखाली जाड, संथ, खोल घरघर. थिएटरात बायका किंचाळल्या. माझ्या पुढचा एक दांडगा माणूस उठून बाहेर गेला.

आणि त्या सगळ्यात मला शिट्टी ऐकू आली. बारीक. अहो, कापडाची उलटी बाजू वेगळी दिसते, पण शिट्टीला कसली आलीय उलटी बाजू? सरळ वाजवा नाहीतर उलटी, शिट्टी ती शिट्टीच. मी ताईकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती आणि तिने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला होता, जणू आवाज तिथूनच येत होता.

बाहेर उन्हात आल्यावर ती एवढंच म्हणाली, "अहो, ती मी आहे."

भावोजींनी नाही म्हटलं नाही. तेवढा प्रामाणिकपणा होता. पण मग समजावत बसले, अगं नुसता आवाज आहे, कुणाला कळणार आहे. मी भर रस्त्यात त्यांना बोलले, नको नको ते बोलले. ताईने मला गप्प केलं.

त्या संध्याकाळी सातला ती खुर्चीत बसली आणि तोंड उघडून तशीच राहिली. नंतर मला म्हणाली, "शेवटचा शब्द आधी येतो गं. मी पहिली ओळ शोधते आणि तोंडात शेवटची येते, तीही मागून पुढे. रोज कुठल्या ना कुठल्या थिएटरात मी ते उलटं म्हणतेय. एक माणूस घरात सरळ म्हणून कसं पुरं पडेल?" मी म्हटलं, एवढं मनाला लावून घेऊ नकोस, चार दिवसांत येईल. नाही आली. चार दिवस गेले, चार महिने गेले. सतरा वर्षं गेली.

तिने भावोजींशी अबोला धरला नाही, जेवायला वाढलं, हसली, माझ्या विनोदांना हसली. फक्त सात वाजता खुर्चीत बसायची आणि गप्प राहायची. खाली माझं मशीन थांबायचं आणि वर काही वाजायचं नाही. मला त्या गप्प राहण्याचा इतका राग यायचा की मी कात्री आपटायचे.

भावोजी मात्र खंगत गेले. त्यांनी भुतांचे सिनेमे सोडले. एकदा मला वर बोलावून कानांवर हेडफोन चढवले. "प्रत्येक खोलीची आपली एक शांतता असते," म्हणाले. "आम्ही ती भरून ठेवतो, कामाला लागते. ही या खोलीची. ऐका." मी ऐकलं. नळ ठिबकत होता, फ्रिज, रस्त्यावरचा हॉर्न. "आता सात वाजतात." नळ तसाच, फ्रिज तसाच. पण आवाज होते तेवढेच राहिले आणि खोली गप्प झाली. कसं सांगू? आपल्या मागे कुणीतरी येऊन उभं राहावं आणि आपण कधी बोलतोय याची वाट बघत त्याने श्वास धरून ठेवावा, तसं. मी हेडफोन काढून फेकला.

"रोज होतं," ते म्हणाले. "ती जेवढा वेळ प्रार्थना म्हणायची, बरोबर तेवढाच वेळ. मग सुटतं."

"तुमचा विश्वास नाही ना कशावर?"

"नाही," ते म्हणाले. त्यांचे हात कापत होते.

मग ताईची छाती बिघडली. डॉक्टरांनी आधी गोळ्या दिल्या, मग नळी, मग घरी न्या म्हणाले. आवाज जवळजवळ गेलाच, नुसती फुसफुस. एका दुपारी माझा हात धरून म्हणाली, "मला ती एकदा सरळ ऐकायची आहे. नाहीतर मी उलटीच घेऊन जाईन गं." तिला मरायची भीती नव्हती. ते उलटं बरोबर न्यायची होती. मी माझ्या दोन ओळी म्हटल्या आणि तिसरीपाशी अडले. आयुष्यात पहिल्यांदा मला आईजवळ न बसल्याचं रडू आलं. ओळखीचं काही ऐकू येतंय का म्हणून ताई वाट बघत राहिली, आणि मी मूर्खासारखी पहिलीच ओळ परत म्हटली.

जगात ती प्रार्थना आता एकाच ठिकाणी उरली होती, त्या सिनेमात.

भावोजींनी एका जुन्या संग्राहकाकडून सिनेमाची प्रत मिळवली. आता टेप बिप नाही, सगळं कॉम्प्युटरवर. नातवंडं असतील अशा वयाचा माणूस स्टुडिओतल्या पोरांकडून शिकून आला. गुरुवारी दुपारी तीन वाजता त्यांनी स्टुलावर कॉम्प्युटर ठेवला, स्पीकर ताईच्या उशीशी. खिडकीतून ऊन येत होतं. मी पायाशी बसले.

"इतर आवाज काढता आले नाहीत," ते ताईला म्हणाले. "सगळं एकत्र मिसळलंय. ते पण येतील. घाबरू नकोस."

सिनेमातला तो प्रसंग उलटा लावून त्यांनी बटण दाबलं. आधी त्या म्हाताऱ्याची किंकाळी आली, पण उलटी, घशात परत गिळल्यासारखी. पावलं मागे मागे गेली. ती भावोजींचीच पावलं, त्यांनी डोळे मिटले. दार बंद झालं, मग कुरकुरलं. वारा आत ओढला गेला. आणि मग ताई बोलली.

पहिली ओळ. सरळ. शिट्टीसकट. माझी चाळिशीतली बहीण, भरल्या छातीची. पलंगावरच्या ताईच्या डोळ्यांतून पाणी कानांत उतरत होतं आणि मीही हुंदके देत होते. दुसरी ओळ. तिसरी. तिसऱ्या ओळीला माझं रडू थांबलं.

खालची घरघर होती ना, लोकांना थिएटरातून पळवणारी? तीही सुलटी झाली होती. ती घरघर नव्हती. पुरुषाचा आवाज होता. जाड, संथ. ताईच्या मागून, अर्ध्या श्वासाच्या अंतराने, तो तीच ओळ म्हणत होता. चौथी म्हणाला. पाचवी म्हणाला. कुठेही न चुकता.

भावोजींचा चेहरा पांढरा पडला. त्यांचा हात बटणाकडे गेला, पण ताईने मान हलवून नको म्हटलं. अकरावी ओळ संपली. तिची आधी, त्याची मागून.

ताई हसत होती. अगदी फुसफुसत म्हणाली, "अहो, हे तुम्ही."

"मी..." भावोजी म्हणाले.

"मला रोज ऐकू यायचं. मागून. वाटायचं, कामातून गुपचूप येऊन जाता. मी कधी वळून पाहिलं नाही, म्हटलं लाजाल. मी मनात म्हणायचे, विश्वास नाही म्हणतात आणि चोरून म्हणतात."

रोज. सातला. सातला हा माणूस शहराच्या दुसऱ्या टोकाला तळघरात गाजरं मोडत असायचा. आणि त्या रविवारी तो माझ्यासमोर जिन्यात उभा होता, ओठांवर बोट ठेवून. भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी असे डोळे कुणाचे पाहिले नाहीत. त्यांना खरं बोलायचं होतं, तो त्यांचा स्वभाव. मी हळूच मान हलवली. नको.

"हो," ते म्हणाले. "मीच होतो."

"मग आता म्हणा ना," ताई म्हणाली. "माझ्याबरोबर."

त्यांनी परत लावलं. ताईचे ओठ हलायला लागले आणि सतरा वर्षांनी तिच्या तोंडून पहिली ओळ आधी आली. भावोजींना एकही ओळ येत नव्हती. कानावर जगलेला माणूस, तो शब्द ऐकायचा आणि लगेच म्हणायचा. त्यामुळे त्यांचा आवाज तिच्या मागून पडत होता, बरोबर अर्धा श्वास. त्या दुसऱ्या आवाजावर इतका चपखल बसत होता की दोन आहेत की एक, मला कळेना. मी कान देऊन ऐकत होते आणि माझ्या मानेवरचे केस उभे होते. पण ताई सुखात होती, म्हणून मी जागची हलले नाही.

शनिवारी सकाळी ती गेली. आदल्या संध्याकाळी तिने सातला प्रार्थना म्हटली होती, कॉम्प्युटर न लावता.

आता रोज सातला वरून प्रार्थना ऐकू येते. भावोजी म्हणतात, त्याच खुर्चीत बसून. त्या मागच्या आवाजाचं मी विचारलं तेव्हा कारणं देत बसले. टेप अडखळली असेल, हळू फिरली की बाईचा आवाज जाड होतो, तिचाच आवाज तिच्यावर पडला असेल. एकेक कारण सांगायचे आणि स्वतःच मान हलवायचे.

परवा मी वर गेले तेव्हा रेकॉर्डर कपाटावर धूळ खात पडला होता. मी म्हटलं, "भावोजी, एवढे आवाजवाले तुम्ही. स्वतःची प्रार्थना एकदा भरून का नाही ऐकत? सोक्षमोक्ष लागेल." ते खुर्चीतून उठले. मी म्हटलं, "भिता होय? तो मागचा आवाज येईल म्हणून?"

त्यांनी रेकॉर्डरवरची धूळ बाहीने पुसली आणि तो उचलून कपाटाच्या आत, पार मागे ठेवला.

"येईल म्हणून नाही हो, मेहुणीबाई," ते म्हणाले. "नाही आला तर?"